दौलत हवालदाराची पेशी

दौलत हवालदारावर माझा राग आहे. माणूस जाऊन बरीच वर्षं झाली, त्याच्या खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आहे, तरी राग आहे तो आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातंय? त्यांची भरलेली गाडी कुणी भर उन्हात उतरवली नव्हती.

माझा धंदा बारदानाचा. जुनी पोती, कापसाच्या गाठींवरचं किंतान विकत घ्यायचं, फाटकं शिवायचं आणि भुसारवाल्यांना विकायचं. सोलापुरात आलो तेव्हा मी डोक्यावरून गठ्ठे वाहत होतो. पुढे स्वतःची बैलगाडी झाली. बापाने काही ठेवलं नव्हतं, भावांनी काही दिलं नाही. जे झालं ते तोंडाच्या जोरावर. समोरच्याने भाव सांगितला की मी हसायचो, उठायचो, चपला घालायचो, दारापर्यंत जायचो. तिथपर्यंत गेल्याशिवाय खरा भाव कधी कुणी सांगितलेला मला आठवत नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक कापडगिरणी होती. तिथलं किंतान मी घ्यायचो. एकदा चैत्रातल्या दुपारी मी गाडी भरून फाटकाशी आलो. फाटकावर दौलत हवालदार. खाकी कोट, गळ्यापर्यंत बटणं, मिशा कातरलेल्या. त्याने चिठ्ठी वाचली, गाडीभोवती फिरला आणि सगळ्यात वरच्या गठ्ठ्यावर काठी ठेवली.

"ह्यो चिठ्ठीत न्हाय."

"तो वरचा आहे, हवालदार. सौदा झाला की वर एक गठ्ठा घालतात. बाजाराची रीतच आहे."

"कशाच्या वर?"

"सौद्याच्या वर!"

"सौदा चिठ्ठीत हाय. त्याच्या वरचं आमच्यात काय नसतंय. गाडी उतरवा."

सगळी गाडी उतरवायला लावली. ज्या स्टोअरकीपरने तो गठ्ठा स्वतःच्या हाताने वर टाकला होता त्याला बोलावलं, तर तो आभाळाकडे बघत म्हणाला, "मला काही ठाऊक नाही." झालं. त्या दिवसापासून गिरणीचा माल मला बंद झाला आणि दुसऱ्या एकाला सुरू झाला. मी चोर नव्हतो. हे मी तेव्हा सांगितलं, आजही सांगतो. आणि सगळ्यात झोंबलं ते हे की, त्याच दिवशी सकाळी या माणसाने माझ्या चुलीतला विस्तव नेला होता. तो माझा शेजारी होता.

शेजारी म्हणजे कसा? घरमालकाने एका लांबट खोलीत मधे पत्रा ठोकून दोन बिऱ्हाडं केली होती. पत्र्याच्या अलीकडे मी. बायको लवकर गेली, तेव्हापासून मी आणि माझी पोती. पलीकडे हवालदार, त्याचा मुलगा शंकर आणि सून. पलीकडे तवा ठेवला तर मला कळायचं, मी कूस बदलली तर त्यांना. समोरच्या घरांतून विणकरांच्या मागांची खटखट दिवसभर चालायची. त्या आवाजात सुद्धा हवालदाराच्या बुटांचा आवाज वेगळा ओळखू यायचा.

तो मूळचा करमाळ्याकडचा. मोठ्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला गेला होता. तो तिकडे असताना मानमोडीच्या तापाच्या साथीत बायको गेली. परत आला तेव्हा शंकर चुलतीकडे वाढत होता आणि बापाला ओळखत नव्हता. हवालदाराने त्याला सोलापुरात आणलं आणि आपल्याला जे येत होतं त्याच पद्धतीने वाढवलं. उजाडायच्या आत उठायचं, अंथरुणाच्या चारी कडा जुळवायच्या, मग हजेरी. "शंकर?" "हाजिर." मग स्वतःचं नाव तो स्वतःच घ्यायचा आणि स्वतःच "हाजिर" म्हणायचा. सून आली तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसायची. तिला हजेरीतून सूट होती.

ढिलाईची त्याला फार भीती. म्हणायचा, "ढिलाई खालनं चढतीय, शेट. आदी बुटाची नाडी, मग गुडघा, मग डोस्कं." एकदा आमच्या तालमीतली पोरं त्याच्याकडे आली, कवायत शिकवा म्हणाली. हवालदाराने त्यांना मैदानावर नेऊन उभं केलं. नुसतं उभं. दुसऱ्या दिवशीही उभंच.

पोरं म्हणाली, "हवालदार, लाठी कवा शिकवणार?"

"आदी उभं ऱ्हावा."

"उभंच हाय की आमी!"

"मी बगतोय म्हून उभं हाय. मी पाठ फिरवल्यावर कोण उभं ऱ्हातंय ते दावा."

त्याने पाठ फिरवली. थोड्या वेळाने वळला तेव्हा मैदानात एक कुत्रं होतं.

पण हवालदाराची खरी गोष्ट म्हणजे त्याची रविवारची पेशी. पलटणीत कुणाचा अर्ज असला किंवा कुणाच्या हातून गुन्हा झाला की त्याला साहेबापुढे उभं करतात, त्याला पेशी म्हणतात. हवालदार रविवारी सकाळी आंघोळ करून, कोट चढवून, दार लावून घ्यायचा आणि स्वतःचीच पेशी घ्यायचा. पत्र्याला खिळ्याचं एक भोक होतं, त्यातून मी पाहिलं आहे. दाराच्या बाजूला ताठ उभा राहिला की तो शिपाई. मग बाजेला वळसा घालून खिडकीकडे जाऊन उभा राहिला की तो साहेब. साहेबाचा आवाज खालचा, सावकाश. दोघेही पलटणीची हिंदुस्तानी बोलायला सुरुवात करायचे आणि आतली गोष्ट निघाली की दोघेही करमाळ्याच्या बोलीवर यायचे.

गाडी उतरवली त्या संध्याकाळी मी त्याला दारात गाठून वाटेल ते बोललो. सगळं ऐकून घेऊन तो एकच शब्द बोलला. "लबाड." पुढच्या रविवारी पत्र्यापलीकडून ऐकू आलं:

"शेजाऱ्याला शिवी दी?"

"दी, साब."

"ड्यूटी पर?"

"ड्यूटीच्या बाद, साब."

"हफ्ताभर उसका अंगण झाडना."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडतो तर हवालदार खाली वाकून माझं अंगण झाडतोय. मला वाटलं, नरमला. म्हटलं, लोखंड तापलंय तोवर बोलून घ्यावं.

"म्हणजे गठ्ठ्याचं तुम्हाला पटलं तर."

"गठ्ठा बरूबरच हुता," तो मान वर न करता म्हणाला. "शिवी चुकली." आणि आठवडाभर झाडत राहिला.

हे वेड कुठून आलं ते त्याने मला एकदाच सांगितलं. मी अंगणात पोती शिवत बसलो होतो. तो आला, न विचारता दुसरा दाभण उचलला आणि समोर बसून शिवायला लागला. टाके एकसारखे, सगळे एका रेषेत. एक पोतं शिवून झालं. मग आपण होऊनच म्हणाला, "बसऱ्याच्या पल्याड वाळूत पाण्याची पिपं ठेवली हुती. मागनं पलटण येनार, तिच्यासाठी. राखायला आमी दोगं. जोडीदार तापानं गेला. त्याला तितंच वाळूत ठेवला. पलटण काय येईना."

"मग?"

"मग काय. पाणी म्होरं, हुकूम द्यायला कोण न्हाय. आमचा वाटा ठरल्याला हुता, त्यो संपत आला. एक दिस मी मलाच उभा केला. म्हनलं, तुजा अर्ज काय? शिपाई म्हनला, साब, पाणी. साब म्हनला, सांज हुईपत्तूर नामंजूर. सांज झाली की घोटभर मंजूर. आसं करत करत पलटण आली. पिपं भरल्याली हुती."

"आणि तुम्ही?"

"मी हुतो की."

मी म्हटलं, "एक पीप थोडं कमी भरलं असतं तर कुणाला कळणार होतं?"

त्याने दोरा दाताने तोडला. "तुमी सारकं कळन्याचंच धरून बसता, शेट. दुसऱ्याचा हुकूम बैलबी ऐकतोय. आपला हुकूम आपन ऐकायचा, तितं खरी कवायत."

त्या वेळी त्याचं घर भरलेलं होतं, म्हणून मी हे कौतुकाने ऐकलं. पुढे ते रिकामं झालं. ज्या दिवशी झालं त्या दिवशी मी गिरणीच्या फाटकासमोरच्या हॉटेलात बसलो होतो. माझा माल दुसऱ्याच्या गाडीत कसा भरला जातोय ते बघायला मी तिथे अधूनमधून बसत असे.

गिरणीचा भोंगा थांबला की फाटक बंद व्हायचं, मग कुणी कितीही हातापाया पडो. शंकर त्याच गिरणीत सूतखात्यात होता. त्या दिवशी भोंगा थांबला, हवालदाराने फाटक ओढून कडी लावली आणि शंकर धावत आला. गज धरून उभा राहिला.

"आबा, उगडा की. तिला ताप हाय. औशद आनाय गेल्तो."

"भोंगा झाला."

"आबा, मी हाय."

"भोंगा झाला."

मागे उशीर झालेले आणखी दोघेतिघे होते. त्यांतला एक ओरडला, "हवालदार, ह्याला घरात तरी घेता का भोंगा झाल्यावर?" सगळे हसले. मला हसू आलं नाही. शंकरही रागावलेला दिसला नाही. त्याने गज सोडले, बापाने शिकवलं होतं तसा टाचेवर वळला आणि सरळ चालत गेला. संध्याकाळी सुनेचा ताप उतरला तशी नवराबायकोने दोन बोचकी बांधली. श्रीपूरला साखर कारखाना निघाला होता, तिथे माणसं हवी होती. शंकर निघताना बापाच्या पाया पडला. हवालदार म्हणाला, "नीट जावा." पत्र्याआडून मला एवढंच ऐकू आलं. त्या सबंध गल्लीत त्या दिवशी एकमेकांशी कुणी इतकं कमी बोललं नसेल.

त्यानंतर सकाळच्या हजेरीत एकच नाव आणि एकच उत्तर यायचं. मग एक भाकरी थापल्याचा आवाज. मग बूट. रात्री काहीच नाही. मला वाटायचं, पत्र्यावर थाप मारून विचारावं, हवालदार, जेवलात का? पण गठ्ठ्याची गोष्ट आठवायची आणि मी हात आवरायचो.

गल्ली त्याला दगड म्हणायची. पोटच्या पोराला फाटकाबाहेर ठेवलं, आता बस एकटा. मीही तेच म्हणत होतो, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

असा बराच काळ गेला. एका पावसाळ्यात करकंबचा एक गुळाचा व्यापारी माझ्याकडे पोती घ्यायला आला. त्याचं श्रीपूरला जाणंयेणं होतं. त्याने शंकरचा निरोप आणला होता: मुलगी झाली, बारशाला आबांना पाठवा. मी पलीकडे जाऊन सांगितलं. हवालदार बुटाला पॉलिश करत होता. "बरं," म्हणाला आणि पॉलिश करत राहिला.

रविवारी मी दाभण खाली ठेवून पत्र्याशी बसलो.

"अर्ज?"

"साब, श्रीपूरला जायची छुट्टी. नातीचं बारसं हाय."

"तू सजेवर हायस."

"व्हय, साब."

"कशापायी? बोल."

शिपायाने टाचा जुळवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "फाटकावर ड्यूटी आस्ताना हात कडीला गेला, साब."

"कडी उगाडली?"

"न्हाय, साब."

"पन हात गेला."

"गेला, साब. पोरानं गज धरलं तवा गेला."

"सजा काय दिली हुती?"

"छुट्टी बंद."

"अर्ज नामंजूर."

मी त्या दिवशी समोर बसलो होतो. त्याचा हात मला दिसला नव्हता. शंकरलाही दिसला नसणार, नाहीतर तो तसा वळून गेला नसता. सबंध गल्ली ज्याला दगड म्हणत होती तो माणूस हात हलला म्हणून स्वतःला सजा देऊन बसला होता, आणि ती पुरी करत होता. माझं डोकं फिरलं. मी पत्र्यावर मूठ आपटली आणि त्याच्या दारावर जाऊन धडका दिल्या. त्याने दार उघडलं आणि पुन्हा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, साहेबाच्या जागेवर.

"पेशीत भाईरचं मानूस चालत न्हाय."

"मग पत्रा जाड बसवून घ्या. मी त्या शिपायाच्या बाजूने आलोय."

"शेट, जावा."

"जातो. एक सांगा. हात गेला, सजा झाली, कबूल. मुदत किती?"

त्याने कोटाचं वरचं बटण चाचपलं.

"मुदत सांगा ना! पलटणीत मुदतीशिवाय सजा देतात का कुणाला? तुरुंगातल्या खुन्यालासुद्धा सांगतात, इतकी वर्षं म्हणून. ह्या शिपायाला किती सांगितली होती?"

मग बाजेला वळसा घालून तो दाराकडे आला, माझ्या शेजारी, शिपायाच्या जागेवर उभा राहिला आणि रिकाम्या खिडकीकडे बघत राहिला. मग परत तिकडे गेला. इतकी वर्षं सैन्याचा कायदा पाळलेल्या माणसाच्या हातून स्वतःच्या बाबतीत तोच कायदा सुटला होता.

"मुदत घालायची ऱ्हायली," तो म्हणाला.

"मग आज संपली म्हणा! उद्याच्या मोटारीने निघा."

"आज न्हाय."

"का?"

"आज म्हनलं तर तुमच्या तोंडामुळं संपली आसं व्हईल."

"कोण म्हणणार आहे?"

"शिपाई म्हनंल."

मी हिशेब बदलला. "बरं, पंचमी."

"दसरा."

"गणपती तरी. पोर रांगायला लागेल हो तोवर!"

"दसरा म्हनलं, शेट."

बारसं चुकलं ते चुकलंच. पण दसरा तर मिळाला. आयुष्यात मी बरेच सौदे केले, पण त्या दिवशी घरी येऊन मला एकट्यालाच हसू येत होतं. मी करकंबच्या व्यापाऱ्याला गाठून निरोप धाडला: आबा दसऱ्याला येतायत.

दसऱ्याला हवालदार पहिल्या मोटारीने गेला. नातीसाठी चांदीचे वाळे घेतले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मोटार अड्ड्यावर होतो. मला तिथे काम होतं, पंढरपूरकडून पोत्यांचे गठ्ठे यायचे होते. मोटार आली. गठ्ठे उतरले आणि त्यांच्यामागून हवालदार उतरला.

"भेटला का?"

"भेटला."

"नात?"

"मांडीवर झोपली." त्याने दोन्ही हात पुढे करून दाखवले, कसे धरले होते ते. "जागी हुईपत्तूर हललो न्हाय. पाय मेलं पार."

"आणि शंकर काय बोलला?"

"म्हनला, आबा, किती दिसांची छुट्टी? म्हनलं, उद्या सांजपत्तूर. म्हनला, बरं."

"मग?"

"मग काय?"

"नुसतं 'बरं'? राहा म्हणाला नाही?"

"न्हाय. मोटारीपत्तूर आला हुता. मोटार हालंपत्तूर सरळ उभा हुता." मग तो म्हणाला, "चांगला उभा हुता."

माझा तोल गेला. भर अड्ड्यात मी ओरडलो, "अहो, 'बरं' म्हणाला तो काय शेवटचा भाव होता? तिथून तर सुरू होतं सगळं! तुम्ही म्हणायचं, बघतो, वाढते का छुट्टी. तो म्हणाला असता, बघा की आबा. सून म्हणाली असती, आता इथंच राहा. पहिला शब्द कुणी शेवटचा म्हणून बोलतं का?"

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पूर्वी दारात माझं ऐकून घेतलं होतं तसं.

"आमच्यात तसं न्हाय, शेट. आमी बोलतो तेवडंच आसतंय." मग कोटाची बाही झटकत म्हणाला, "त्यालाबी मीच शिकवलंय की."

"मग पुढच्या रविवारी पुन्हा अर्ज करा. मी येतो बाजूने बोलायला."

"बगू," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्या तोंडून हा शब्द ऐकला. "आता निगतो. सांजची ड्यूटी हाय."

तो रविवार मला मिळाला नाही. दुसऱ्याच दिवशी मी खरेदीसाठी करमाळ्याकडे गेलो आणि आठवड्यापेक्षा जास्त अडकलो. परत आलो तेव्हा पलीकडच्या दाराला कुलूप होतं. हवालदाराला ताप आला आणि त्याने फार दिवस काढले नाहीत, असं गल्लीत सांगितलं. शंकर आला होता, सगळं उरकून गेला. मरताना हवालदाराने अर्ज केला होता की नाही, केला असेल तर मंजूर झाला की नाही, हे सांगायला पत्र्याच्या या बाजूला कुणी नव्हतं.

म्हणून मला तो अड्ड्यावरचाच दिसतो. बैलगाड्यांच्या मधून वाट काढत, काठी काखेत धरून, पावलं मोजून टाकल्यासारखी टाकत तो निघाला. आम्हाला एकाच गल्लीत जायचं होतं. मी मागून हाक मारली, "हवालदार, थांबा, मीही तिकडेच येतोय!"

तो वळला नाही. पण पुढेही गेला नाही. रस्त्याच्या मधोमध, पाठमोराच, तो जागच्या जागी पाय उचलायला लागला. डावा, उजवा, डावा, उजवा. चालणं न थांबवता माझ्यासाठी थांबला होता. एक टांगेवाला त्याला काहीतरी बोलला आणि बाजूने टांगा काढून गेला.

मी हमालाला म्हटलं, गठ्ठे उचल. हमालाने भाव सांगितला. असा भाव मी जन्मात दिला नव्हता. मी हसलो, तो हसला नाही. मी पाठ फिरवली, तोही फिरला. त्याने थोडं उतरवलं, मी थोडं चढवलं. सणाचे दिवस, म्हणाला. मी म्हटलं, सण काल झाला. असं बरंच चाललं.

मान वर केली तेव्हा रस्त्यावर गाड्या होत्या, धूळ होती आणि पानाच्या दुकानात नुकती बत्ती लागली होती. हवालदार गेला होता. त्याची ड्यूटी होती, त्याला उशीर चालला नसता. आणि हमाल अजून आपल्या भावावर अडून बसला होता.